दंड भरला, प्रशिक्षण बाकी

वाहन परवाना निलंबित झाल्यावर नुसती मुदत उलटून भागत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 नुसार चालकाला उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. जमा केलेला परवाना ते पूर्ण झाल्यावरच परत मिळतो. कलम 200 आणखी कडक आहे. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवले, तरी प्रशिक्षणाचे बंधन सुटत नाही. पैसे टाकून मोकळे होणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण तरतूद योग्यच आहे.

अडचण आहे ती अंतराची. तुमसर तालुक्यातील चिखला हे मॅंगनीज खाणीचे गाव. परवान्याचे काम मात्र भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात. 2021 च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर आणि चाचणी मार्ग सक्तीचा केला. असे केंद्र खाणीच्या गावात कोण उभारणार? रोजंदारीवरच्या चालकाला दंडाहून बुडालेला रोज जड जातो. प्रशिक्षणाच्या तारखा तालुक्याला मिळाल्या, तर ही सबब उरणार नाही.

सुधारणेची अट गुन्ह्याच्या तोलाची हवी, हे पुण्याने दाखवले. मे 2024 मधील अपघातात दोघांचा जीव गेला आणि बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामिनासाठी 300 शब्दांचा निबंध सांगितला. राज्यभर संताप उसळला.

प्रशिक्षण संपल्यावर दाखल्यावरील नाव, परवाना क्रमांक, तारखा आणि शिक्का तपासून घ्यावा. आदेश देणाऱ्या न्यायालयात किंवा कार्यालयात तो मुदतीत सादर करून पोच घ्यावी व एक प्रत जवळ ठेवावी.