करंट पत्र्यात नसतो

इलेक्ट्रिक गाडीचा अपघात झाला की गर्दीतून कोणीतरी ओरडतंच, "हात लावू नका, गाडीत करंट उतरलाय!" ओरडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पुण्यात 25 जुलै 2024 च्या पुरात हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. असं काही वाचलेला माणूस भिणारच. पण तो धडा इथे लागू नाही, आणि आत अडकलेल्या जखमीला या गैरसमजाची किंमत रक्ताने मोजावी लागू शकते.

महावितरणची वीज जमिनीशी बांधलेली असते. ती चुकून लोखंडात उतरली की त्याला हात लावणारा माणूस तिची जमिनीकडची वाट होतो. गाडीच्या मोठ्या बॅटरीचं तसं नाही. तिची धन आणि ऋण ही दोन्ही टोकं गाडीच्या सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेली असतात. त्यामुळे एखाद्या टोकाची वायर सोलवटून पत्र्याला टेकली, तरी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसातून वीजमंडल पूर्ण होत नाही. धक्का बसायला दोन्ही टोकं एकाच वेळी अंगाला भिडावी लागतात. म्हणून दार उघडा, पट्टा सोडवा, माणूस बाहेर काढा. अपवाद दोनच: गाडी चार्जरला जोडलेली असेल, किंवा खांबावर आदळून वरची तार तिच्यावर पडली असेल. तिथे धोका महावितरणच्या विजेचा आहे आणि जुना धडा तंतोतंत खरा आहे.

आता दुसरा पक्ष. तो शिकलेल्यांचा असतो, म्हणून मला जास्त धोकादायक वाटतो. "एअरबॅग उघडली की वीज आपोआप तुटते, कंपनीने सगळा विचार केलेला आहे," असं तो सांगतो. यातलं अर्धं खरं आहे. जबर धडक बसली की बॅटरीच्या तोंडाशी असलेले कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे मोठे स्विच, सुटावेत, अशी रचना असते. पण तुटते ती बॅटरीबाहेर जाणारी वीज. आतल्या शेकडो सेलमधली ऊर्जा जागच्या जागी राहते, ती बंद करायला कुठलंही बटण नाही. इन्व्हर्टरमधले कपॅसिटरही भार धरून असतात, म्हणूनच उत्पादक पाच ते दहा मिनिटं थांबायला सांगतात. आणि चेपलेल्या गाडीत कॉन्टॅक्टर सुटलेच, हे बाहेरून कोणाला दिसणार? मोठ्या बॅटरीची नारिंगी वायर दिसली की ती जिवंतच आहे असं धरावं. तिला हात लावू नये आणि पत्रा कापताना कटर तिच्या जवळही नेऊ नये. तिथे हजार व्होल्टला टिकणारे रबरी हातमोजे घातलेला प्रशिक्षित माणूसच हवा.

बॅटरीत राहिलेली ऊर्जा किती उशिरा पेटू शकते ते पाहा. अमेरिकेत मे 2011 मध्ये शेव्हरोले व्होल्टची बाजूने खांबावर आदळण्याची चाचणी झाली. गाडी आवारात नेऊन ठेवली. तीन आठवड्यांनी ती पेटली आणि शेजारच्या गाड्यांनाही तिने पेटवलं. कारण होतं बॅटरीला झालेली इजा आणि आत झिरपलेलं कूलंट. मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे अपघातात जळालेली टेस्ला विझवली, आणि पाच दिवसांनी ती यार्डात पुन्हा पेटली.

आपल्याकडे अपघाताची गाडी जाते कुठे? पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त दुचाकींच्या गर्दीत, नाहीतर गॅरेजच्या पत्र्याखाली. इजा झालेली बॅटरी उघड्यावर, इतर गाड्यांपासून आणि इमारतीपासून निदान 15 मीटर दूर हवी. तिथवर ती टोचन करून ओढत नेऊ नये, सपाट ट्रेलरवर उचलून न्यावी. चाकं फिरली की चुंबकी मोटरही फिरते आणि जनित्रासारखी वीज तयार करू लागते.

"बॅटरीच्या आगीवर पाणी मारू नका" हेही सर्रास ऐकू येतं. लिथियम-आयन बॅटरी थंड करायला अग्निशमन दलाला पाणीच लागतं आणि ते भरपूर लागतं. मात्र ते काम जवानांचं आहे. त्या धुरात विषारी वायू असतात, इतरांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर थांबावं.

हिरवी पाटी पाहून गाडी ओळखू, या भरवशावरही राहू नका. हायब्रिड गाडीला नेहमीची पांढरी पाटी असते. टोयोटाच्या प्रायसचीच घ्या: तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीची बॅटरी 201.6 व्होल्टची. बंद वाटणारी अशी गाडी पुढेही सरकू शकते. म्हणून चाकाला दगड लावावा, पार्किंग ब्रेक ओढावा, गाडी बंद करावी आणि चावी दूर नेऊन ठेवावी.

युरोपात उत्पादक प्रत्येक मॉडेलची बचावपत्रिका देतात. कुठे कापायचं आणि कुठे नाही, हे त्यात चित्रांनी दाखवलेलं असतं. ती पत्रिका मराठीत, आपल्या महामार्गावरच्या प्रत्येक क्रेनवाल्याच्या आणि अग्निशमन केंद्राच्या हाती असली पाहिजे. इथे गाडी विकायची तर ही पत्रिका देणं सक्तीचं असावं, अशी माझी मागणी आहे.

तोवर तुमच्या हातात एवढं आहे. 112 ला फोन लावाल तेव्हा अपघाताच्या जागेबरोबर आणखी एक गोष्ट सांगा: गाडी इलेक्ट्रिक आहे की हायब्रिड. आणि मदत पोहोचेपर्यंत आतल्या माणसाला एकटं सोडू नका.