कप कोणाचा? घरच्यांचा की पब्लिकचा?

फायनल संपली की खेळाडूंची बायका-पोरं मैदानात येतात आणि पब्लिक वैतागतं, "ही काय फॅमिली पिकनिक आहे?" मित्रांनो, तिकीट काढून घसा फोडणाऱ्याचा राग खरा आहे. कप आधी त्याच्या स्टँडसमोर न्यावा, हे एकदम मान्य! पण म्हणून घरच्यांना बाहेर ठेवू नका. २०१५ साली बर्लिनला बार्सिलोनाने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा कोच लुइस एन्रिकेच्या चिमुकल्या मुलीने त्याच्याबरोबर मैदानात झेंडा रोवला. २०१९ मध्ये कॅन्सरने ती गेली. २०२५ ला म्युनिकमध्ये त्याच्या पीएसजीने इंटरला ५-० धुतलं, तेव्हा प्रेक्षकांनी स्टँडमध्ये भलंमोठं कापडी चित्र उलगडलं. त्यात तेच बाप-लेक, फक्त झेंडा पीएसजीचा. ती पोर मैदानात आलीच नसती, तर पब्लिकने काय आठवलं असतं? पटतंय का?