भावना कुणाच्या दुखावतात?

सिनेमात किंवा टीव्हीवर देवाधर्माची थट्टा झाली की हमखास विचारलं जातं, 'समाजाच्या भावना दुखावल्या का?' मैत्रिणींनो, हा 'समाज' म्हणजे कोण, हे आपण आधी विचारायला हवं. माझा अनुभव असा की त्यात बायकांना धरलेलंच नसतं.

थट्टेचं आपल्याला वावडं नाही. एकनाथांच्या भारुडातली सून सासरच्यांचा काटा काढ म्हणून भवानीला साकडं घालते. जनाबाई विठोबाला शिव्या घालते. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी'त अवतारकथांची टर उडवली, १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना'त देवांनाही जाब विचारला. ही थट्टा खालून वर जाते. ज्यांच्या मानेवर जोखड आहे, तेच ते ठेवणाऱ्याला हसतात.

'जाने भी दो यारों' (१९८३) बघा. द्रौपदीचं वस्त्रहरण ही आपल्यासाठी दुखरी जागा. पण तिथे लुगड्यात असतं ते भ्रष्ट आयुक्ताचं प्रेत आणि त्याची ओढाओढ करत असतात बिल्डर. सभेत ओढून आणलेल्या बाईला कुणी हसत नाही. हसू येतं ते लुटारूंचं. म्हणून तो विनोद मला खटकत नाही.

आता दुसरा नमुना. वटपौर्णिमा जवळ आली की टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत तोच एक विनोद येतो : 'सात जन्म हीच बायको? मेलो!' दिवसभर उपाशी राहून वडाला सूत गुंडाळणारी बाई हा इथे हसण्याचा विषय. ज्या रूढीने तिला तिथे उभं केलं, तिला कुणी धक्का लावत नाही. पडद्यावर बुरखा आला की बऱ्याचदा त्याआड लपलेला पुरुष निघतो. ख्रिस्ती बाई वर्षानुवर्षं आखूड फ्रॉक आणि हातात ग्लास एवढ्यावरच भागवली गेली. यावर कुठल्या धर्मरक्षकाने थिएटर फोडलं? पण एखादी बाई 'मी वडाला फेऱ्या मारणार नाही' म्हणाली की लगेच सगळ्यांचा धर्म धोक्यात!

'फायर'मध्ये देवांची थट्टा नव्हती. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन जावा होत्या आणि त्यांची नावं राधा व सीता होती. एवढ्यावरून डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत थिएटरं फोडली गेली. पुढे उभी केली होती ती शिवसेनेची महिला आघाडी! २०१७ मध्ये 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला सेन्सॉर बोर्डाने आधी प्रमाणपत्रच नाकारलं. चित्रपट बायकांच्या बाजूने झुकलेला आहे आणि एका समाजाबाबत संवेदनशील आहे, ही त्याची कारणं. अपील न्यायाधिकरणामुळे तो त्याच वर्षी प्रदर्शित झाला. ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये मोडीत निघालं. धर्म दोन, पण दुखणं एकच : बाईने स्वतःच्या इच्छेबद्दल बोलणं.

काही मैत्रिणी म्हणतील, मग वटपौर्णिमेच्या विनोदावर आपणही तक्रार करू. माझा याला विरोध आहे. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम १९२७ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून उभं आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेसह. ही काठी ज्याच्यामागे जमाव त्याच्या हाती जाते. आज आपण ती उचलली, तर उद्या आपल्याच पथनाट्यावर पडेल. आणि आपली तक्रार भावना दुखावल्याची नाहीच. आपली तक्रार अपमानाची आणि अन्यायाची आहे. ती देवाच्या आडून कशाला मांडायची?

म्हणून मी प्रत्येक विनोदाला तीन प्रश्न विचारते. हसू कुणाचं होतंय, सत्तेचं की सत्तेखाली दबलेल्याचं? विनोद संपल्यावर रूढी हलते की आणखी घट्ट होते? आणि ज्या बाईवर विनोद आहे, ती शेजारी बसून हसू शकेल का? हिंदू घरातल्या विनोदाला एक माप आणि मुसलमान बाईवरच्या विनोदाला दुसरं, असं मात्र चालणार नाही.

वस्तीतल्या बैठकीत अशी मालिका एकत्र बघा, मध्येच थांबवा, हे प्रश्न विचारा. वाहिनीला सह्यांचं पत्र पाठवा. आणि मुख्य म्हणजे आपली भारुडं, आपली नाटकं पुन्हा लिहा. बाईला विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांना बाईचा विनोद ऐकवू या. तो त्यांना झोंबेल. झोंबू दे!