पूल, पुतळा आणि आमचा साकव

बँकॉकला निघालो तेव्हा सगळ्यांनी खरेदीच्या याद्या दिल्या. पूल बघून ये, असं कुणीच म्हणालं नाही! पण पाक ख्लोंगच्या फुलबाजारातले झेंडूचे ढीग बघून बाहेर पडलो आणि जवळच चाओ फ्राया नदीवरचा हिरवा लोखंडी पूल दिसला. इंग्रजीत त्याला नुसतं 'मेमोरियल ब्रिज' म्हणतात, थाई लोक 'सफान फुत'.

बँकॉक राजधानी झालं १७८२ साली आणि चक्री राजघराणंही तेव्हाचंच. दीडशे वर्षं झाली म्हणून सातवे राम, म्हणजे राजे प्रजाधिपोक, यांनी पहिल्या रामांच्या, आपल्या खापरपणजोबांच्या, स्मरणार्थ हा पूल बांधवला. अलीकडचं बँकॉक आणि पलीकडचं जुनं थोनबुरी जोडलं गेलं. उद्घाटन झालं ६ एप्रिल १९३२ ला. आणि नियती बघा, २४ जूनला क्रांती होऊन राजाची अनियंत्रित सत्ता संपली! १९३५ मध्ये प्रजाधिपोक यांनी गादी सोडली, १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे महायुद्धात पुलावर बॉम्ब पडले. पूल दुरुस्त झाला, कारण लोकांना पलीकडे जायचं होतं.

पुलाच्या तोंडाशी पहिल्या रामांचा बसलेला पुतळा आहे. मी तिथे बराच वेळ टेकलो. पुतळ्यापाशी माणूस मुद्दाम जातो, हात जोडतो आणि निघतो. पुलावरून मात्र माणसं रोज जातात, कुणाचीही आठवण न काढता. मला वाटतं, हेच खरं स्मारक. शेजारी १९८४ साली दुसरा पूल झाला, त्याला नाव दिलंय प्रजाधिपोक यांचं. खापरपणजोबांसाठी पूल बांधणाऱ्याला पूलच मिळाला!

आता घरचं. (नातेवाईक मंडळी हे वाचतात, म्हणूनच लिहितोय.) आप्पाकाकांना जाऊन वर्ष होत आलं. गावाच्या वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभारायचं घाटतंय, वर्गणीही जमतेय. माझं मत विचाराल तर कमान नको. वाडीतल्या वहाळावरचा साकव दर दोन-तीन पावसाळ्यांनी मोडतो. तो पक्का बांधूया. शाळेत असताना आप्पाकाकांनीच मला खांद्यावर बसवून ते पाणी ओलांडलं होतं.

दादा फोनवर म्हणाला, "अरे, साकव वाहून गेला तर नावही जाईल." जाईल ना. पण कमान पडली तर कुणाचं अडणार आहे? साकव पडला तर दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं फळ्या घेऊन येतील. ज्याच्यावाचून अडतं, ते लोक पुन्हा उभं करतात.

असो. माझी वर्गणी तयार आहे, साकवासाठी. बाकी तुम्ही मोठे आहात, ठरवा.