भाजले? आधी पाणी!



गेल्या हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास आमच्या चाळीत एकच किंकाळी उठली. शेजारचे चार वर्षांचे पोर मोरीजवळ खेळता खेळता आंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीवर पडले. हात आणि पोट भाजले. सारी चाळ धावली. कोणी हळद आणली, कोणी तूप. टूथपेस्टची ट्यूब मात्र माझ्याच घरातून गेली. मी चार बुके शिकलेला माणूस, पण मलाही त्या क्षणी तेच सुचले. दवाखान्यात ती पेस्ट काढताना पोर जे ओरडले, ते अजून कानात आहे. डॉक्टरांनी विचारले, "पाणी ओतले का?" कोणीच ओतले नव्हते. पिंप तर काठोकाठ भरलेले होते.

चटका बसून गेला तरी कातडीत उष्णता राहते आणि ती आत आत भाजत जाते. पेस्ट, तूप, हळद, शाई यांनी ती विझत नाही. उलट जखम झाकली जाते, घाण आत जाते. ती विझवते साधे गार पाणी. नळाखाली धरा किंवा तांब्याने संथ धार धरा, पूर्ण 20 मिनिटे, घड्याळ लावून. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. पाण्याची टंचाई असेल तर स्वच्छ सुती कापड भिजवून पुन्हा पुन्हा बदला. बर्फ लावू नका, त्याने कातडी आणखी दुखावते. लहान मुलाचे बाकीचे अंग कोरड्या कपड्याने झाकून ऊबदार ठेवा.

पाणी ओततानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. मागाहून सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल झाकून दवाखाना गाठा.

अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा, दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी.

तळहाताहून मोठी जागा भाजली, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले, विजेने किंवा ॲसिडने भाजले, अथवा तान्हे मूल वा म्हातारे माणूस असेल, तर घरी थांबू नका. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून मोफत आहे.

भाजल्याची केस म्हटली की पोलीस येतील, या धास्तीने काही घरे दवाखान्यात जायला बिचकतात. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद मागाहून. सरकारी असो वा खाजगी, हा नियम दोघांनाही लागू आहे. कोणी अडवले तर हे ठामपणे सांगा.

आणि माता-भगिनींनो, बादलीत आधी गार पाणी घ्या, मग कढत ओता. क्रम एवढाच बदलला तरी एखादे पोर वाचेल. ते शेजारचे पोर बरे झाले, शाळेत जाते. पोटावरचा डाग मात्र राहिला. त्यात माझ्या ट्यूबचाही वाटा असेल, हे मी विसरत नाही.

हे कात्रण कापून मोरीजवळच्या भिंतीला चिकटवा.