सुगंधी तंबाखू आणि वार्षिक बंदी

दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न सुरक्षा आयुक्तांचा एक आदेश प्रसिद्ध होतो. गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्रा यांचे उत्पादन, साठा, वाहतूक व विक्री पुढील एक वर्ष बंद राहील, असा त्याचा आशय असतो. पहिला आदेश जुलै २०१२ मध्ये निघाला, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीही त्याच्या कक्षेत आली आणि तेव्हापासून हा क्रम चालू आहे. कायद्याप्रमाणे अशी बंदी एका वेळी एक वर्षापुरतीच घालता येत असल्याने या आदेशाला वर्षश्राद्धाची नियमितता आली आहे. विधी यथासांग पार पडतो. मृतात्मा मात्र पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत सुखाने वावरत असतो. सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज यांपैकी कोणत्याही गावच्या बसस्थानकाचे जिने आणि भिंतींचे कोपरे पाहिले, की बंदीच्या परिणामाचा अहवाल तांबड्या अक्षरांत वाचायला मिळतो.

बंदी का फसली, याची चर्चा नेहमी पोलीस, हप्ते आणि टपरीवाले यांच्याभोवती फिरते. त्या चर्चेत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या वस्तूवर बंदी घातली ती वस्तू मुळात आहे तरी काय, ती कशी घडवली जाते, याचा विचार त्या चर्चेत क्वचितच होतो. आणि तो केल्याशिवाय हा कायदा कोणत्या जागी गळतो ते कळत नाही.

तंबाखू खाणे या भागाला नवे नाही. चंचीतून तंबाखू काढून चुन्याबरोबर तळहातावर मळणारा शेतकरी आणि तव्यावर तंबाखू भाजून तिची मिश्री करणारी, पहाटे ती दातांना लावणारी स्त्री ही कृष्णाकाठची जुनी चित्रे आहेत. या सवयी निरुपद्रवी होत्या असे मुळीच नाही. पण त्यांत एक नैसर्गिक अडसर होता. तंबाखू कडू असते, तिखट असते, ओठाखालची कातडी सोलते. पहिली चिमूट घेणाऱ्याला घेरी येते, मळमळते. दहा-बारा वर्षांच्या मुलाने चोरून खाऊन पाहिली, तर बहुधा तो थुंकून टाकी. वनस्पतीनेच दिलेला हा इशारा होता. सुगंधी तंबाखूच्या उद्योगाने जे काही साधले त्याचे सार एवढेच, की हा इशारा बंद केला आणि त्यामागचे विष शाबूत ठेवले.

ही करामत कशी होते ते पाहण्यासारखे आहे. जर्द्यासाठी तंबाखूच्या पानांचे तुकडे चुना व मसाल्यांसह पाणी आटेपर्यंत उकळतात, वाळवतात आणि मग त्यांना रंग व सुगंध देतात. किमामात हाच अर्क वेलदोडा, बडीशेप, केशर यांच्यासह आटवून लेहासारखा घट्ट केला जातो. ही दोन्ही उत्तर हिंदुस्थानातील खानदानी विड्याची अंगे. नबाबी थाटाच्या पानदानातून ती बाहेर पडली तेव्हा फारशी कोणाला परवडणारी नव्हती. गुटख्याने ती पानाशिवाय, आणि जवळजवळ फुकट, विकण्याची वाट काढली. त्यात मुख्य भाग सुपारीचा. ती वाळवून, यंत्राने कातरून, भाजून चाळली जाते. तिच्यावर कात व चुना चढतो. तंबाखूचा वाटा तुलनेने थोडा. फिरत्या पिंपात हे सारे एकजीव होत असताना त्यावर सुगंधाचा फवारा मारतात आणि वास मुरावा म्हणून माल बंद ठेवतात. कनोजच्या अत्तरांचे आणि ओरिसातील गंजम जिल्ह्याच्या केवड्याचे मोठे गिऱ्हाईक आज देवघर किंवा लग्नमंडप हे नसून पानमसाला आणि तंबाखूचे कारखाने हे आहे. प्रत्येक कारखान्याचे खरे गुपित या सुगंधाच्या मिश्रणात असते. तंबाखू आणि सुपारी तर बाजारात कोणालाही मिळते.

यातील प्रत्येक घटकाला काम नेमून दिलेले आहे. मेंथॉलचा गारवा आग लपवतो. लवंगेचे तेल तोंडातील त्वचा बधिर करते; दंतवैद्य ज्या गुणासाठी ते वापरतो त्याच गुणासाठी ते येथे येते. साखरेसारखा गोडवा कडूपणा झाकतो. चुना हा तर सर्वांत कळीचा. त्याच्या क्षारतेमुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जाते. म्हणजे एकीकडे चव बालिश करायची आणि दुसरीकडे मात्रा मोठ्या माणसाची द्यायची, असा हा दुहेरी डाव आहे. अशा वस्तूला ‘मुखशुद्धी’ म्हणण्याचे धाडस ज्याने प्रथम केले त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.

अमेरिकेत या प्रकाराला वेगळे, पण तितकेच बोलके रूप मिळाले. तेथील ओल्या तंबाखूच्या व्यापारात सौम्य आणि पुदिन्यासारख्या चवीच्या मालाने नवागताला आणायचे आणि क्रमाक्रमाने कडक मालाकडे चढवायचे, अशी शाळेच्या इयत्तांसारखी योजना होती, हे कंपन्यांची कागदपत्रे न्यायालयांमुळे उघड झाल्यावर जगाला कळले. १९८३ मध्ये तेथे निघालेल्या चहाच्या पिशवीसारख्या तंबाखूच्या पुड्या लवकरच ब्रिटनमध्ये आल्या. ब्रिटनने १९९० पर्यंत त्यांना हद्दपार केले आणि १९९२ मध्ये युरोपीय समुदायानेही तोच मार्ग धरला. आपल्याकडे अशी कागदपत्रे कोणी लिहिली की नाही, हा प्रश्न गौण आहे. कानपूरहून १९७३ मध्ये डबाबंद पानमसाला देशभर पसरू लागला. पुढे त्याचीच चमकदार छोटी पुडी झाली, तिच्यात तंबाखू आली आणि रुपयाच्या आसपासच्या किमतीत ती किराणा दुकानाच्या दारावर माळेसारखी लोंबू लागली. इयत्ता वेगळ्या भरवण्याची गरजच राहिली नाही. एका पुडीत सारी शाळा मावली.

तिचे पहिले दुखणे या भागात जेवणाच्या ताटावर कळते. ज्याला लहानपणापासून खर्डा आणि झणझणीत रश्शाची सवय, तो तरुण अचानक तिखट टाळू लागतो. तोंडात जळजळ होते. मग गालांच्या आतील अस्तर पांढुरके व ताठ होऊ लागते, जबडा पुरता उघडत नाही, तीन बोटे उभी तोंडात जात नाहीत, मोठा घास घेता येत नाही. वैद्यकाने याला अस्तराखालील तंतुमयता असे नाव दिले आहे. हा विकार मुख्यतः सुपारीचा. तो मागे परतत नाही आणि त्यातून कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. विड्याच्या सवयीत त्याला पुष्कळ वर्षे लागत. गुटख्यात तो थोड्याच वर्षांत दिसू लागला. तंबाखूसह विडा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला होता. २००४ मध्ये तिने नुसत्या सुपारीलाही त्याच पंक्तीत बसवले. तंबाखू काढली की माल निर्धोक झाला, हा युक्तिवाद तेथेच संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण पुढे कायद्यानेच त्याला जीवदान दिले.

महाराष्ट्राने पहिली बंदी २००२ च्या ऑगस्टपासून पाच वर्षांसाठी घातली होती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली काढलेल्या त्या आदेशाला आव्हान देणाऱ्यांत सांगलीपासून काही मैलांवरच्या जयसिंगपूर परिसरातील गोडावत पानमसाला प्रॉडक्ट्स ही कंपनी होती आणि ऑगस्ट २००४ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तिच्याच नावाने ओळखला जातो. स्थानिक आणि तातडीच्या प्रसंगासाठी दिलेला अधिकार एवढ्या दीर्घ बंदीसाठी वापरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि बंदी कोसळली. कायद्याच्या दृष्टीने निर्णयात तर्क होता. परंतु त्यानंतर २०१२ पर्यंतची आठ वर्षे पुडी उजळ माथ्याने विकली गेली आणि त्या काळात शाळेत असलेली पोरे आज तिशीत आहेत. कायद्याच्या कारकुनी चुकीची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर त्या पिढीकडे पाहावे.

नवा अन्न सुरक्षा कायदा आल्यावर २०११ च्या नियमांनी कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन वापरण्यास मनाई केली. गुटखा हा खाद्यपदार्थ मानला गेल्याने त्याच्यावर राज्याराज्यांत बंदी घालण्याचा रस्ता मोकळा झाला. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये आरंभ केला, महाराष्ट्र मागोमाग आला, मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी बंदीला स्थगिती नाकारली. पण नियमाचा रोख ‘एकत्र’ या शब्दावर आहे हे व्यापाराने तत्काळ ओळखले. जे एका पुडीत होते ते दोन पुड्यांत आले: एकीत तंबाखूविरहित मसाला, दुसरीत सुगंधी तंबाखू, दोन्ही शेजारीशेजारी. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करते, म्हणजे कारखान्याचे शेवटचे काम त्यानेच करायचे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये या जोडपुड्यांची दखल घेऊन बंदीच्या कसोशीच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. तरीही अनेक राज्यांत दोन्ही पुड्या सुट्या सुट्या राजरोस मिळतात.

सातारा-सांगलीचा पेच येथे सुरू होतो. महाराष्ट्रात दोन्ही पुड्या निषिद्ध. पण मिरज तालुक्याला कागवाड-अथणी लागून आहे, जतला विजापूर जिल्हा. कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटखा बंद केला, तरी मसाला आणि तंबाखू अलग विकण्यास तेथे तशी आडकाठी राहिली नाही. म्हैसाळहून कागवाडला दुचाकीने जाऊन येणाऱ्याला कोणता नाका अडवणार? मोठा माल महामार्गाने येतो, अधूनमधून पकडला जातो, ट्रकचे आणि गोण्यांचे छायाचित्र छापून येते, आणि टपरीवर पुडीची किंमत काही दिवस वाढते. बंदीचा भाव ग्राहकाने भरायचा आणि तो मधल्या माणसाने खायचा, हे दारूबंदीच्या काळापासून या राज्याला अपरिचित नाही.

टपरीने तर कारखान्याचीही गरज कमी केली आहे. कातरलेली सुपारी, ओला चुना आणि सीमेपलीकडून आलेली सुगंधी तंबाखू प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून हाताने घासली, की मावा तयार होतो. कुठे मोटार बसवलेले छोटे यंत्रही हे काम करते. त्याच्यावर ना नाव, ना वजन, ना इशाऱ्याचे चित्र. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू न विकण्याचा २००३ च्या कायद्याचा दंडक त्याला बांधत नाही असे नाही; तो दंडक वाचायला कोणी थांबत नाही, एवढेच. बंदीला चार वर्षे झाल्यानंतर झालेल्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. ओढणारे त्याच्या एकपंचमांशाहूनही कमी होते. राज्याचे तंबाखूचे दुखणे हे प्रामुख्याने चघळण्याचे दुखणे आहे.

कारवाईचा विषय निघाला, की उद्योग शेतकरी आणि मजूर यांना पुढे करतो. या भागातील वाचकाला त्या ढालीचे मोल माहीत असायला हवे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये महामार्गावर ठाण मांडले ते भाव मिळत नाही म्हणून. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मेले. त्याच गावच्या वखारींत तंबाखूच्या धुरळ्यात नाकातोंडाला फडके बांधून राबणाऱ्या बायकांची स्थिती अनिल अवचट यांनी लिहिली. त्यांच्या संघटनेवर १९८२ मध्ये ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने माहितीपट काढला. तेथील पीक मुख्यतः विडीचे होते हे खरे, पण व्यापाराची रीत निराळी नव्हती. सुगंधी पुडीत तर तंबाखूचा वाटा थोडा आणि पानाच्या किमतीचा त्याहून थोडा; पैसा सुगंधात, चकचकीत वेष्टनात आणि जाहिरातीत आहे. कृष्णेच्या पाण्यावर ऊस आला तेव्हा काठच्या शेतकऱ्याने तंबाखू सोडून दिली, त्यासाठी त्याला कोणाच्या उपदेशाची गरज पडली नाही.

सरकारचे स्वतःचे वर्तन मात्र या साऱ्याहून बुचकळ्यात टाकणारे आहे. गुटख्याचे उत्पादन चोरून होते हे ओळखून केंद्राने २००८ पासून पुड्या भरणाऱ्या यंत्रांच्या संख्येवर अबकारी कर बसवला; एक यंत्र महिन्याला इतक्या लक्ष पुड्या भरते, असे गृहीत धरून. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा गुटख्यावर २०४ टक्के भरपाई उपकर लावला गेला. बहुतेक राज्यांत जो माल निषिद्ध होता त्याच्यावर! फेब्रुवारी २०२६ पासून चघळण्याची तंबाखू, सुगंधी जर्दा आणि गुटखा यांच्या यंत्रांवर क्षमतेनुसार कर घेण्याचे नवे नियम आले आहेत. त्यांत गुटख्याचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे.

म्हणजे दिल्लीच्या एका खात्याला पुडीचे यंत्र कोठे आहे, किती वेगाने चालते आणि कोणाच्या मालकीचे आहे हे घोषणापत्रावर लिहून मिळते, आणि सांगलीचा अन्न निरीक्षक मात्र ते टपरीच्या फळीखाली शोधत असतो. टपरीवाल्याकडे सापडलेल्या पुडीवर छापलेले नाव, तिच्या वेष्टनाचा पुरवठादार आणि ती भरणारे यंत्र हा माग उलटा काढणे अवघड नाही. सुगंधी तंबाखू ही एका पुडीत असो वा दोन, निर्मितीच्या ठिकाणीच निषिद्ध करण्याचा केंद्रीय कायदा संसदेला करता येईल. तोपर्यंत निदान यंत्रांची ती यादी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने केंद्राकडे लेखी मागावी, आणि पुढच्या पावसाळ्यातल्या आदेशाबरोबर ती प्रसिद्ध करावी.