तेराव्यानंतरची वीस वर्षं

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. फार चांगलं झालं. पण हा ठराव दहाव्या-तेराव्यापर्यंतच्या बाईसाठी आहे. साठीत नवरा गेला आणि बाई ऐंशीपर्यंत जगली, तर मधल्या वीस वर्षांचं काय, याची चर्चा कुठल्या ग्रामसभेत झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. मी स्वतः त्या वीस वर्षांच्या साधारण मध्यावर आहे. तेव्हा हे कुणाच्या वतीनं बोलते आहे, असं कुणी विचारू नये.

१. आधी आकडा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या विधवांची संख्या सव्वाचार कोटींच्या वर होती; विधुर त्यांच्या एक-तृतीयांशही नव्हते. नवरा वयानं मोठा असतो, बाई जास्त जगते आणि पुरुषाचं दुसरं लग्न चटकन जमतं, ही त्याची साधी कारणं. म्हणजे आपल्याकडे म्हातारपण हा बराचसा बायकांचा, त्यातही एकट्या बायकांचा प्रश्न आहे. धोरणं मात्र ज्येष्ठ नागरिक म्हणून एक गृहस्थ डोळ्यांसमोर ठेवून आखलेली दिसतात. सकाळी टेकडीवर जाणारे, पेन्शन असलेले, आणि परत आल्यावर ज्यांना चहा आयता मिळतो असे.

२. नवऱ्याबरोबर आणखी काय जातं, ते नीट मोजलं पाहिजे. आपल्याकडे बाईचं गावातलं येणंजाणं चालतं ते चैत्रातल्या नि संक्रांतीच्या हळदीकुंकवावर, डोहाळजेवणावर, मंगळागौरीवर, कुणाच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला जाण्यावर. एके दिवशी ही बोलावणी थांबतात. कुणी वावगं बोलत नाही, कुणी दार लावून घेत नाही. बोलावत नाहीत, एवढंच. हल्ली काही मंडळं मुद्दाम विधवांना बोलावून हळदीकुंकू करतात, त्याचा फोटो पेपरात येतो. मी अशा एकाला गेले आहे. वाण चांगलं होतं, बायका आपुलकीनं वागल्या. पण ते संक्रांतीपुरतं. पुढच्या बुधवारी दुपारी तीन वाजता कुणाकडे जायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

शिवाय वाहन जातं. माझ्या वयाच्या कितीतरी जणी जन्मभर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून हिंडल्या. पुढचा माणूस गेल्यावर भाजी मंडई, नाट्यगृह, बहिणीचं घर ही सगळी ठिकाणं एकदम लांब जातात. रिक्षा असते, पण रात्री साडेआठला नाटक सुटल्यावर आमच्याकडे रिक्षावाला जो भाव सांगतो, त्यात दुसरं नाटक बघून होईल.

३. यावर आम्ही काही जणींनी शोधलेलं उत्तर म्हणजे दुपारची बैठक. कुणी क्रोशाचं करते, कुणी लोकरीचं, दोघी-तिघी गोधड्या शिवतात. गोधडीसाठी जुन्या सुती साड्या लागतात; सिंथेटिक चालत नाही, सुई घसरते आणि अंगाला ऊबही येत नाही. खाली-वर चांगल्या साडीचं कापड, मध्ये विरलेल्या साड्यांचे थर. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचं. शिवणं एकटीला जमतं, पण थर अंथरून सुरकुत्या काढायला नि ताणून धरायला दुसरे हात लागतात. श्रावणाच्या आधी विणकाम बाजूला पडतं आणि सगळ्या जणी कापूस पिंजून वाती वळायला बसतात, कारण कुणीतरी लाख वातींचा संकल्प सोडलेला असतो.

हातात काम असलं की माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. डोळे टाक्यावर असतात. म्हणून तिथे जे बोललं जातं ते समुपदेशनाच्या खोलीत खुर्ची समोर ओढून विचारलं तर कधीच बाहेर पडणार नाही. मुलानं घर नावावर करून मागितलं, एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो म्हणून रात्री नुसतं दूध-पोळी खाते, पासबुकात किती आहेत ते अजून कळत नाही, हे सगळं मी टाके मोजता मोजता ऐकलेलं आहे. आणि एक जण बँकेत बरोबर गेली, एकीनं हयातीच्या दाखल्याचं समजावून दिलं, असे त्यातले कितीतरी गुंते तिथल्या तिथे सुटतानाही बघितले आहेत.

सरकारला बाईच्या हातातली सुई दिसली की लगेच उद्योग दिसतो. बचत गट करा, स्टॉल लावा, पॅकिंग सुधारा. तरुण बायकांना त्याची गरज आहे, मला त्याबद्दल आदरच आहे. आपल्याकडच्या सुधारकांनीही विधवेचा विचार केला तो याच अंगानं. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. समोर होत्या त्या कोवळ्या वयाच्या विधवा, त्यांना शिकवून कमावतं करायचं होतं. ते काम एवढं मोठं होतं की त्यापुढे सत्तरीच्या विधवेचा विचार राहून गेला. तिला आता स्वतःच्या पायावर उभं राहायचं नाही. गुडघे दुखतात. तिला चारचौघींत बसायला जागा हवी आहे.

४. ती जागा गावात आहे, पण बंद आहे. बऱ्याच शहरांत पालिकेनं ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधली आहेत. ती उघडतात सकाळी नि संध्याकाळी. त्या वेळी तिथे पेपर, कॅरम आणि राजकारण चालतं. बाईला वेळ असतो दुपारी दोन ते पाच, तेव्हा कुलूप आणि किल्ली ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणीसांच्या घरी. चिटणीस झोपलेले. मागणी साधी आहे: दुपारची वेळ बायकांसाठी ठेवा, किल्ली एका बाईकडे द्या, लोकर-कापड ठेवायला कुलपाचं कपाट द्या, एक चांगला दिवा लावा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. जिथे केंद्र नाही तिथे शाळेचा एक वर्ग किंवा समाजमंदिर चालेल. आणि आत बायकांसाठी संडास असावा, तोही नुसता भारतीय पद्धतीचा नव्हे.

५. आता एसटी. ७५ च्या वरच्यांना राज्यात कुठेही फुकट, ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायकांना अर्धं तिकीट झालं. पासष्टीपुढे ते आम्हाला आधीही होतं, पण आता बरोबर येणारी सून, शेजारीण, भाची यांनाही अर्धंच पडतं. सोबत स्वस्त झाली, हा या योजनेचा माझ्या मते खरा फायदा. त्याची जाहिरात कुणी केली नाही. दीड हजारांची लाडकी बहीण योजना मात्र ६५ वर्षांपर्यंतच. पासष्टीनंतर बहीण लाडकी राहत नाही, असं आमच्यात म्हणून सगळ्या हसतात. श्रावणबाळ योजना आहे, पण तिला उत्पन्नाच्या दाखल्यापासून सगळं लागतं, आणि तलाठी कार्यालयाची पायरी चढणं हे वेगळंच प्रकरण.

६. तिकीट अर्धं झालं, पायरी तेवढीच उंच राहिली. साध्या गाडीची खालची पायरी चढताना एका हातानं दांडा, दुसऱ्या हातानं पदर धरायचा आणि पिशवी आधी कुणाच्या तरी हाती द्यायची. फलाटाची उंची थोडी वाढवली, दाराशी एक सरकती पायरी दिली, तर बाईनं प्रवास टाळायचं अर्धं कारण जाईल. उरलेलं अर्धं कारण स्थानकावरच्या मुतारीचं आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वारंवार होते. म्हणून बायका प्रवासाच्या दिवशी गोळी घेत नाहीत आणि पाणी पीत नाहीत. हे डॉक्टरांना सांगत नाहीत, घरी सांगत नाहीत. एकमेकींना सांगतात. फुकट तिकिटावर सरकार जो पैसा खर्च करतं, त्याचा थोडा भाग प्रत्येक आगारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहावर, तिथल्या पाण्यावर आणि कडीवर खर्च झाला पाहिजे. कडी लागत नाही म्हणून बाहेर मैत्रीण उभी करावी लागते. एकटीनं काय करायचं?

७. सहल. म्हाताऱ्या बाईनं घराबाहेर पडायचं तर अजूनही देवाचं निमित्त लागतं. २०२४ मध्ये सरकारनं साठीपुढच्यांसाठी तीर्थदर्शन योजना आणली. वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना माणशी ३० हजारांपर्यंत खर्च. मी देवभोळी आहे, पंढरपूरला मला कुणी न्यावं लागत नाही. पण क्रोशाच्या सुया घेऊन बसणाऱ्या बायकांना येवल्याला मागावर पैठणी कशी उतरते ते बघायचं असतं. औंधच्या डोंगरावर तिथले संस्थानिक भवानराव यांनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुने दिवे नि अडकित्ते आहेत. दापोलीच्या किनाऱ्यावर नुसतं बसायचं असतं. यातलं काहीही कुठल्याच योजनेत बसत नाही.

व्यवस्था मात्र तयार आहे. आषाढीला एखाद्या गावातून चाळीस किंवा जास्त प्रवासी मिळाले, तर एसटी थेट त्या गावातून पंढरपूरला गाडी सोडते, आणि सवलती त्या गाडीतही मिळतात. एरवी अख्खी गाडी हवी असेल तर प्रासंगिक करार करावा लागतो. तिथे पैसे किलोमीटरवर ठरतात, माणशी सवलतीचा प्रश्नच येत नाही. माझं म्हणणं इतकंच की आषाढीचा नियम बाकीच्या अकरा महिन्यांना लावा. गर्दीचा हंगाम सोडून, मंगळवार-बुधवारी, जेव्हा गाड्या तशाही अर्ध्या रिकाम्या धावतात. चाळीस बायका आम्ही गोळा करू. पाच गावांच्या भजनी मंडळांना फोन केला तर संध्याकाळपर्यंत यादी होते.

ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या बसच्या सहली ही जुनी रीत आहे. घराजवळून बस, सामान चढवणं-उतरवणं चालकाचं काम, ब्लॅकपूल किंवा लॅंडिड्नोसारख्या समुद्राकाठच्या गावी हॉटेल, रात्रीचं जेवण त्यातच. २००८ पासून इंग्लंडभर म्हाताऱ्यांना गर्दीची वेळ सोडून स्थानिक बस फुकट आहे. आणि १९१५ पासून तिथल्या गावोगावच्या बायकांची विमेन्स इन्स्टिट्यूट आहे. विणकाम, मुरंबे, व्याख्यानं, सहली सगळं एकाच छपराखाली. इतकं असूनही २०१८ मध्ये त्या सरकारला एकटेपणाचं खातं एका मंत्र्याकडे द्यावं लागलं. म्हणजे बस आणि लोकर दिली की सगळं मिटतं, असा माझा दावा नाही. पण आपल्याकडे निदान बस तरी द्या.

८. खासगी सहल कंपन्यांना एक प्रश्न. केवळ बायकांच्या सहली मराठी कंपन्यांनी पुष्कळ लोकप्रिय केल्या, ज्येष्ठांच्याही केल्या, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण दर दोघांच्या खोलीवर ठरतो. एकटीला खोली हवी तर जास्त पैसे, नाहीतर अनोळखी बाईबरोबर राहा. ब्रिटनमधल्या विधवांचीही हीच जुनी तक्रार आहे. मला रात्री दोनदा उठावं लागतं, एक मैत्रीण घोरते, एकीला पंखा चालत नाही. अनोळखी माणसापुढे हे सगळं उघडं करण्यापेक्षा कितीतरी जणी जातच नाहीत. प्रत्येक सहलीत चार-पाच खोल्या एकटीच्या दरानं ठेवल्या तर कंपनी बुडणार नाही. निदान निघायच्या आधी दोघींची फोनवर गाठ तरी घालून द्या.

९. मुलांसाठी थोडकं. आई तीन दिवस येवल्याला निघाली म्हणजे तिची काळजी घेणं कमी पडतंय, असा अर्थ काढू नका. आणि लोक काय म्हणतील हे तिला सांगू नका. ते तिला तुमच्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे.

१०. पैसा कुठून? ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे १० टक्के आणि नगरपालिकेनं ५ टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्याकडे त्यातून दर वर्षी शिवणयंत्रं वाटली जातात आणि काही घरांत ती टीव्हीखालचं टेबल म्हणून वापरात आहेत. या पैशातून दुपारची खोली, कपाट, दिवा आणि वर्षाला दोन गाड्यांच्या पूर्ण नि सवलतीच्या भाड्यातला फरक सहज भागेल. यासाठी नवी योजना नको, मुंबईला मोर्चा नको. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथे हा विषय घ्या, ठराव लिहून घ्या, इतिवृत्तात आला की नाही ते वाचून मगच सही करा. फक्त ती सभा सकाळी अकराला ठेवू नका. दुपारी तीनला ठेवा, आम्ही हातातलं विणकाम घेऊनच येऊ.